सूत तुटतं? पेळू सैल धरा

एका ताईंनी लिहिलंय की टकळीवर, म्हणजे हातानं फिरवून सूत कातायच्या काडीवर, हातभरही सूत निघत नाही, सारखं तुटतं, सोडून द्यावं का? सोडू नका हो. माझे पहिले आठ दिवस असेच गेले. जाड, बारीक, मध्येच गाठ. आजी म्हणाली, "हे सूत नाही बाप्पा, सुतळी आहे!"

माझी चूक पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळकटी, धरण्यात होती. तुटेल या भीतीनं मी तो दोन बोटांत आवळायचो, मग तंतू सुटणार कुठून? पेळू चिमणीच्या पिलासारखा सैल धरा. आधी पीळ चढू द्या, मग हात मागे न्या. पीळ पेळूत शिरताना दिसतो, तिथंच बोटांनी थांबवायचा. हे एकदा जमलं की उठवत नाही. चुलीवरचं दूध उतू गेलेलं आहे आमच्याकडे.

आणि वैशाखात भर दुपारी बसू नका. कोरड्या हवेत कापूस तुटतोच, पहाटे बरं निघतं.

घरची पऱ्हाटी (कपाशी) असून आमचा सगळा कापूस जिनिंगला, म्हणजे बी वेगळं करायच्या गिरणीत, जायचा, आम्ही कधी एक बोंड हातानं सोलून पाहिलं नव्हतं. आता पसाभर ठेवून घेतो. हातानं सरकी (कापसातलं बी) काढायला मात्र जीव जातो. वर्धा जवळ असेल तर १९३८ साली सुरू झालेलं मगन संग्रहालय पाहून या, तिथं चरखे आहेत.

माझी हजार मीटरची पहिली गुंडी, म्हणजे सुताची लड, अजून पूर्ण व्हायचीय.