सोसायटी ग्रुप: गीझरची कॉइल पुन्हा गेली

बी-३०४: कमिटीने जरा लक्ष घालावं. गीझरची कॉइल पुन्हा गेली, दीड वर्षात दुसरी. मेकॅनिकने टाकी उघडली तर तळाला पांढऱ्या खपल्यांचा ढीग. कॉइल तर ओळखूच येईना, नुसता चुन्याचा दगड.

ए-५०१: आमच्या शॉवरची निम्मी भोकं बंद. टाचणीने उकरतोय.

सी-२०३: मशीनमधून टॉवेल निघतात ते पुठ्ठ्यासारखे. पावडर वाढवली तरी तेच.

खजिनदार: पाण्यातले क्षार कमी करायला सॉफ्टनर बसवूनही ही अवस्था! आत्ताच टीडीएस मीटर लावून आलो. सॉफ्टनरच्या आधी ६४०, नंतर ६४५. मशीन काही करतच नाही.

सी-१०२ (सर): काका, सॉफ्टनर उत्तम चालला तरी मीटर हेच दाखवेल. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळंच. मीटर तर तेही थेट मोजत नाही, पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून अंदाज देतो. सॉफ्टनर क्षार काढून टाकत नाही, अदलाबदल करतो. आतले रेझिनचे मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि सोडियम सोडतात. म्हणून आकडा जवळपास तोच. पण सोडियमचा दगड होत नाही.

खजिनदार: मग इतके महिने मी काय मोजत होतो?

ए-५०१: 😄

बी-३०४: सर, दगड होतो तरी कसा? नळाचं पाणी तर काचेसारखं स्वच्छ दिसतं.

सी-१०२ (सर): कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेलं असतं तोवर दिसत नाही. पाणी तापलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे राहतो कॅल्शियम कार्बोनेट. तो सगळ्यात गरम जागी बसतो, म्हणजे कॉइलवर. थरातून उष्णता नीट बाहेर पडत नाही. पाणी उशिरा तापतं, बिल वाढतं, आणि कॉइल आतल्या आत तापून जळते. थर्मोस्टॅट ६० च्या वर ठेवला तर थर आणखी भराभर चढतो. फार खालीही नको, कोमट टाकीत जिवाणू वाढतात.

ए-५०१: शाळेत 'दुष्फेन पाणी' होतं ते हेच ना? परीक्षेनंतर आज पहिल्यांदा हा शब्द आठवला.

सी-१०२ (सर): हेच. साबण कॅल्शियमशी मिळून साका होतो, म्हणून फेस येत नाही. माझ्याकडे हा दुष्फेनपणा मोजायचं थेंबांचं किट आहे. थेंब टाकत जायचं, लाल रंग निळा झाला की थेंब मोजायचे. संध्याकाळी सॉफ्टनरच्या आधीचं आणि नंतरचं पाणी बाटल्यांत भरून आणा.

सी-२०३: तोवर मी मशीनमध्ये व्हिनेगर आणि ब्लीच टाकून रिकामं फिरवू का?

सी-१०२ (सर): एकत्र अजिबात नको! आम्ल आणि ब्लीच मिसळलं की क्लोरीन वायू निघतो. सायट्रिक ॲसिड टाकून कपड्यांशिवाय एक गरम सायकल चालवा. ब्लीच त्या दिवशी कपाटातच राहू द्या.

ए-२०२: पाइपला चुंबक बांधून क्षार जातात म्हणे. व्हिडिओ पाठवू?

सेक्रेटरी: नको. मागच्या महिन्यात तीन आले होते.

सी-१०२ (सर): किटचा निकाल. आधी ४२०, नंतर ४२०. मिलिग्रॅम प्रति लिटर, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. १८० च्या वर गेलं की पाणी अत्यंत कठीण, म्हणजे दुष्फेन, म्हणतात. म्हणजे रोज १०० लिटर पाणी वापरलं तर ४२ ग्रॅम, वर्षाला १५ किलोच्या पुढे. सगळं गीझरमध्ये बसत नाही, पण थोडं बसलं तरी पुरतं.

खजिनदार: म्हणजे मशीन बंदच आहे! मी तेच म्हणत होतो.

सी-१०२ (सर): निष्कर्ष बरोबर, पुरावा चुकीचा. 🙂 मिठाची टाकी कोणी उघडून पाहिली? मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुवावे लागतात, नाहीतर पकडायला जागाच उरत नाही.

सेक्रेटरी: वॉचमनला विचारलं. टाकी कोरडी. मीठ संपून दोन महिने झाले. त्याला वाटलं कमिटी आणेल, कमिटीला वाटलं तो आणेल.

बी-३०४: वा.

सी-१०२ (सर): मीठ भरून रीजनरेशन, म्हणजे मणी धुण्याची सायकल, लावा. ते खारं पाणी बागेत सोडू नका, झाडं मरतील. स्वयंपाकघरातला एक नळ सॉफ्टनरच्या आधीच्या लाइनवर हवा. ४२० च्या बदल्यात लिटरमागे साधारण १९० मिलिग्रॅम सोडियम येतं, मीठ कमी खायला सांगितलेल्यांना ते नको.

(दुसऱ्या दिवशी)

सी-१०२ (सर): आता सॉफ्टनरनंतर ३०.

खजिनदार: माझ्या मीटरवर ६५०. ठेवून दिला कपाटात.

बी-३०४: माझ्या कॉइलचे पैसे?

सेक्रेटरी: तो विषय मीटिंगला.