दक्षिणेची खिडकी मे महिन्यात पाहून ठरवू नका

"मे महिन्यात भर दुपारी फ्लॅट पाहिला, दक्षिणेच्या खिडकीत ऊन नाही, म्हणजे घर अंधारं" हा निष्कर्ष पटत नाही. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्यावर, किंचित उत्तरेलाच असतो. तेव्हा दक्षिणेच्या खिडकीत ऊन येणारच नाही. डिसेंबरात मात्र तो दक्षिणेला, क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर असतो आणि ऊन थेट आत येतं. (आपली माध्यान्ह घड्याळात साडेबारा-पावणेएकला होते, बाराला नाही.) समोरची इमारत तुमच्या खिडकीपेक्षा १५ मीटर उंच आणि साडेतेरा मीटरपेक्षा जवळ असेल, तर ऐन हिवाळ्यात दुपारचं ऊन अडलंच म्हणून समजा.

डिसेंबरपर्यंत थांबायचं नसेल तर वटपौर्णिमेच्या मध्यरात्री खिडकीतून चंद्र दिसतो का पाहा. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असतो, त्यामुळे तो त्या रात्री साधारण डिसेंबरातल्या सूर्याच्याच वाटेने जातो. पाचेक अंश इकडेतिकडे धरा. ढग नसले पाहिजेत, हे आलंच. आणि बिल्डर रात्री बारा वाजता किल्ली देईल का, ते तुम्ही बघा!