सायकलचं इंजिन घरी खोलावं की नाही?

तेलकट बोटं:
सायकलला बसवायच्या टु-स्ट्रोक पेट्रोल इंजिनाच्या किटबद्दल बोलतोय. लोक उगाच घाबरतात. आत हलणाऱ्या मुख्य वस्तू तीनच: पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रँकशाफ्ट. ना व्हॉल्व्ह, ना कॅम. बोअर (नळकांड्याचा आतला व्यास) ४७ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ३८ मिमी, म्हणजे हिशेबाने ६६ सीसी. खोक्यावर ८० छापतात ती विकणाऱ्याची हौस. ज्याला पंक्चर काढता येतं त्याने हे इंजिन स्वतःच दुरुस्त करावं, असं माझं ठाम मत आहे. रविवारी मी हेड (वरचं झाकण) आणि बॅरल (नळकांडं) उतरवून पिस्टनच्या रिंगा बदलल्या. रिंगेचं तोंड खाचेतल्या बारीक पिनेवर यावं लागतं, नाहीतर बॅरल खाली सरकतच नाही. तीनदा अडलं, चौथ्यांदा गपकन बसलं. त्या आनंदापुढे मिस्त्रीकडे गाडी टाकून चार दिवस वाट बघणं म्हणजे शिक्षाच. आता सुसाट पळतेय. फक्त थ्रॉटल सोडला तरी इंजिन लगेच खाली येत नाही, ते कार्बोरेटरचं असणार. बघतो.

जुना पाना:
अहो, तुमच्यासारख्यांनी खोललेली इंजिनं लोक माझ्याकडे पिशवीत भरून आणतात. निम्म्यांचे आटे गेलेले. हे केसिंग ॲल्युमिनियमचं आहे, त्यावर हातभर लांब पाना लावून 'अजून थोडं' म्हटलं की स्टड नुसता गोल फिरतो. हेडचे नट समोरासमोर, थोडे थोडे करत आवळायचे असतात, हे किती जणांना माहीत असतं? आणि गजन पिनचं (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनेचं) सर्क्लिप, म्हणजे ती पिन धरून ठेवणारी तारेची कडी! जुनंच परत बसवतात. ते सुटलं की बॅरलला आतून अशी रेघ पडते की नख अडकतं. रिंगा बदलताना खालच्या तोंडात फडकं कोंबलं होतं का?

तेलकट बोटं:
कोंबलं होतं. सर्क्लिपला हातच लावला नाही, पिस्टन रॉडवरच होता. आणि काळजी म्हणून पेट्रोलमध्ये तेलही जास्त घालतो, १६ ला १, म्हणजे १६ भाग पेट्रोलला १ भाग तेल. जास्त तेल कधी वाईट नसतं.

धूर कमी:
इथेच चूक आहे. तेल वाढवलं की कार्बोरेटरच्या त्याच जेटमधून (इंधनाच्या बारीक भोकातून) पेट्रोल कमी जातं, म्हणजे मिश्रण उलट पातळ होतं, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. इंजिन तापतं ते त्याने. शिवाय सायलेन्सरमध्ये काजळी साचते ती वेगळीच.

मोजून मापून:
दोघेही थोडे थोडे बरोबर. १६ ला १ मध्ये पेट्रोल ९४ टक्के, ३२ ला १ मध्ये ९७. फरक तीन टक्क्यांच्या आसपास. त्याउलट ०.७० मिमीच्या जागी ०.७२ मिमीचं जेट घातलं तर भोकाचं क्षेत्रफळ जवळजवळ सहा टक्क्यांनी वाढतं. म्हणजे तेलावरून भांडण्यापेक्षा प्लग काढून बघा. बिस्किटी तपकिरी असेल तर ठीक, काळाकुट्ट ओलसर असेल तर मिश्रण दाट, पांढराफटक असेल तर पातळ.

चेनवाला:
सगळे इंजिनात डोकं घालून बसलात. इंजिन बंद पडलं तर पायडल मारत घरी येता येतं हो! मागचं स्प्रॉकेट (इंजिनाच्या चेनचं दातेरी चाक) बघितलंय का कोणी? दोन रबरी चकत्यांमध्ये स्पोक धरून नऊ बोल्टांवर आवळलेलं असतं. बोल्ट ढिले झाले की ते डुलायला लागतं आणि चेन उतरते. चेन ताणायची ती पुली तर फ्रेमच्या नळीवर नुसत्या पट्टीने आवळलेली. ती फिरून स्पोकमध्ये घुसली की मागचं चाक जागच्या जागी जाम. माझी घुसली होती. वेग कमी होता म्हणून कोपरावर निभावलं. ब्रेक पायडलच्या वेगासाठी बनवलेले, आणि आपण इंजिन लावून दुप्पट वेगाने पळवतो. घरी करायचंच असेल तर दर फेरीआधी ते नऊ बोल्ट तपासा. बाकी रिंगाबिंगा नंतर.

जुना पाना:
चेनवाल्याशी शंभर टक्के सहमत.

तेलकट बोटं:
मान्य, पण हे तर घरीच करायचं काम झालं ना? म्हणजे माझाच मुद्दा. बाय द वे, प्लग काढला. पांढरा आहे. दोन जेटं बदलून झाली, तरी थ्रॉटल सोडल्यावर तेच.

मोजून मापून:
जेटं बदलू नका आता. पांढरा प्लग आणि खाली न येणारं इंजिन, म्हणजे कुठूनतरी जास्तीची हवा आत जातेय. असंच पळवत राहिलात तर पिस्टन धरेल, म्हणजे तापून बॅरलमध्ये अडकेल. कार्बोरेटर काढून इनटेक पाइपला नळी जोडा, सायलेन्सरकडचं तोंड रबर लावून बंद करा, प्लग जागेवर ठेवा. सायकलच्या पंपाने अगदी हलकी हवा भरा, पाच-सहा पीएसआय. सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावा.

तेलकट बोटं:
केलं. इनटेकच्या गॅसकेटवर एकही बुडबुडा नाही. बॅरलच्या खालीही नाही, म्हणजे रविवारचं काम पक्कं. (नोंद घ्यावी.) मॅग्नेटचं (ठिणगीसाठी वीज करणाऱ्या, क्रँकवर बसवलेल्या चुंबकाचं) झाकण उघडलं तर तिथे आतल्या बाजूने फेस येतोय.

जुना पाना:
क्रँकचं सील (शाफ्टभोवतीची हवा अडवणारी रबरी कडी) गेलंय. नवं सील हाताने बसतं, त्यात काही नाही. पण आधी मॅग्नेट उतरवावं लागेल. ते ओढून काढायचं हत्यार, पुलर, आहे?

तेलकट बोटं:
पुलर नाही. स्क्रू ड्रायव्हर दोन्ही बाजूंनी घालून, वरून हातोडीने हलकेच...

जुना पाना:
नाही! ती क्रँक तुकडे दाबून जोडलेली असते. एक घाव तिरका बसला तरी वाकडी होते, मग पूर्ण खालचा भाग बदला. माझ्याकडच्या पिशव्यांतली अर्धी कहाणी हातोडीचीच आहे.

धूर कमी:
आणि तोवर गाडी सुरू करू नका.

तेलकट बोटं:
बरं. पुलर मिळेपर्यंत पायडल. तेवढ्यात ते नऊ बोल्ट बघून घेतले. दोन ढिले निघाले.