मदत हवी आहे: बाबांच्या गाण्यांचा संग्रह विंडोजवरून लिनक्सवर न्यायचाय, २१२ फाइली अडल्यात

नमस्कार मंडळी,

बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ चढत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून जुनी डिस्क तशीच ठेवून नव्या एसएसडी डिस्कवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट घातलं. प्रिंटरसकट सगळं चालू झालं. घोडं अडलंय ते गाण्यांपाशी.

संग्रहात विकतचं थोडं, घरचं जास्त. बाबा भजनी मंडळात तबल्याला बसायचे आणि टेपरेकॉर्डर शेजारी चालू ठेवायचे. त्या कॅसेटी मी एकेक करून कॉम्प्युटरवर घेतल्या, नावं मात्र बाबांनी स्वतः टाइप केली. ते नाव नुसतं नाव नसतं, अख्खी नोंद असते. हे बघा:

गुरुपौर्णिमा १९९१ - दत्तमंदिराच्या ओसरीवर - भैरवी - पेटीवर काका - तबल्यावर मी - शेवटी जोराचा पाऊस आला

विंडोजवर हे नाव कधी अडलं नाही. इथे कॉपी करताना ‘फाइलचं नाव फार लांब आहे’ म्हणून नकार येतो. ६,८४० पैकी २१२ फाइली अशाच मागे राहिल्यात, आणि त्या सगळ्या बाबांच्याच. इंग्रजी नावाची एकही अडली नाही.

दुसरी अडचण ताऱ्यांची. बाबांनी आयट्यून्स या गाण्यांच्या प्रोग्रॅममध्ये बारा वर्षं बसून गाण्यांना तारे दिलेत. पाच तारे म्हणजे पहाटे लावायचं. फाइली मिंटवरच्या ऱ्हिदमबॉक्स या गाण्यांच्या प्रोग्रॅममध्ये आल्या, पण तारे सगळे कोरे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना स्क्रीनकडे फार वेळ बघवत नाही, त्यामुळे पुन्हा पहिल्यापासून तारे देणं त्यांच्याच्यानं होणार नाही. आयट्यून्सच्या लायब्ररीची, म्हणजे सगळ्या गाण्यांच्या यादीची, एक्सएमएल फाइल काढून ठेवली आहे. ती उघडली तर मराठी नावांच्या जागी टक्क्याच्या चिन्हांची रांगच्या रांग. ती फाइल खराब झाली आहे का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

ताई, सगळ्यात आधी: जुनी डिस्क पुसू नका.

फाइल खराब नाही. गाण्याच्या फाइलच्या पत्त्यातलं प्रत्येक देवनागरी चिन्ह तिथे तीन बाइटमध्ये (बाइट म्हणजे साठवणीचं छोटं माप) लिहिलेलं असतं आणि प्रत्येक बाइटआधी टक्का येतो, म्हणून ती रांग. नाव अडण्याचं कारणही तेच. विंडोजच्या डिस्कवर नावाची मर्यादा २५५ अक्षरचिन्हांची आहे, तुमच्या मिंटच्या ईएक्सटी४ या फाइली साठवायच्या पद्धतीत २५५ बाइटची. म्हणजे देवनागरीत जेमतेम ८५ चिन्हं, त्यातही काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. ‘र्णि’ चारच चिन्हं, पण १२ बाइट. तुमचं गुरुपौर्णिमेचं नाव मी मोजलं, एमपी३ च्या शेपटीसह २६३ बाइट भरतं.

विंडोजवरच आधी पूर्ण नाव फाइलच्या कॉमेंट टॅगमध्ये, म्हणजे फाइलच्या आतच असलेल्या शेऱ्याच्या रकान्यात, उतरवा, मग फाइलला छोटं नाव द्या. जुनं नाव आणि नवं नाव अशी दोन रकान्यांची यादी न चुकता ठेवा, तारे नव्या नावांशी जुळवताना ती लागेल.

तारे फाइलमध्ये नसतात, आयट्यून्सच्या लायब्ररीत असतात. म्हणून ते सोबत आले नाहीत. पण त्या एक्सएमएलमध्ये ते आहेत: पाच तारे म्हणजे १००, चार म्हणजे ८०. ऱ्हिदमबॉक्स शून्य ते पाच मोजतो, तेव्हा २० ने भागायचं. पायथॉन भाषेतली छोटी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्रॅम) पुरेल, मी लिहून देतो. ती चालवताना ऱ्हिदमबॉक्स बंद हवा आणि त्याच्या डेटाबेसची एक प्रत बाजूला काढलेली हवी.

धागाकर्ती

मनापासून आभार! ते टक्के बघून माझा धीरच सुटला होता.

काल संध्याकाळी बाबांना शेजारी बसवून एकेक नाव वाचून दाखवलं. काय ठेवायचं, काय काढायचं ते तेच सांगत होते. तीन तासांत ६४ झाली. बऱ्याच नावांत राग आणि वर्ष ठेवलं. गुरुपौर्णिमेच्या फाइलशी आल्यावर म्हणाले, ‘भैरवी ऐकल्यावर कळतेच. पाऊस राहू दे.’

आता तिचं नाव ‘गुरुपौर्णिमा १९९१ - शेवटी जोराचा पाऊस आला’. बाकी सगळं कॉमेंटमध्ये उतरवलंय. उरलेली १४८ रविवारपर्यंत होतील. यादी कोणत्या स्वरूपात देऊ, सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने पाडलेली साधी फाइल) चालेल ना?