अनामत आणि अमानत: एकच शब्द की दोन?

प्रश्न: घरभाड्याच्या करारात 'अनामत' लिहितो, हिंदीत 'अमानत' ऐकतो. हे दोन्ही एकच का? की अनामत हा आपला चुकीचा उच्चार?

उत्तर: मूळ एकच, अरबी. मराठीत येताना 'म' आणि 'न' यांनी जागा बदलल्या. मतलबचं मतबल होतं, नुकसानचं नुस्कान होतं, तसंच. ते दोन बोलीत राहिले, अनामत मात्र प्रमाण भाषेत बसला, म्हणून त्याला चूक म्हणू नये. इमान, अमीन, अमन हे त्याच धातूचे. म्हणजे 'इमानेइतबारे' म्हणताना आपण त्याच घराण्यातला शब्द वापरतो.

अर्थ मात्र फाकला आहे, आणि मला बोलायचंय ते त्याबद्दल. मराठी अनामतीत परीक्षा ठेवणाऱ्याची असते. विधानसभेला सर्वसाधारण उमेदवार १०,००० रुपये भरतो, वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं नाही मिळाली की ती जप्त. अमानतीत परीक्षा सांभाळणाऱ्याची. ती जप्त करताच येत नाही, आणि मालकाला न विचारता वापरली तरी तो विश्वासघात.

आम्ही कोकणातले मुसलमान. शेजारच्या काकू मुंबईला लेकीच्या बाळंतपणाला गेल्या, तेव्हा पाटल्या-बांगड्या रुमालात बांधून अब्बांकडे देऊन गेल्या. चार महिने ते गाठोडं कपाटात होतं. रंगकाम निघालं तेव्हा अब्बांनी ते स्वतः उचलून दुसऱ्या खोलीत ठेवलं, आम्हाला हात लावू दिला नाही. परत दिलं तेव्हा गाठ काकूंनीच मारलेली होती. हजरत मुहंमद पैगंबरांना (स.) मक्केतले लोक 'अल-अमीन', म्हणजे विश्वासू, म्हणत. विरोधकसुद्धा आपल्या ठेवी त्यांच्याकडेच ठेवत. इ. स. ६२२ मध्ये मक्का सोडताना त्या ज्याच्या त्याला परत करायला त्यांनी आपले चुलतभाऊ हजरत अली यांना मागे ठेवलं. जिवावर उठलेल्या माणसांच्या ठेवी! हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

प्रश्न: मग अमानतीला मराठी शब्द 'ठेव' चालेल?

उत्तर: पूर्वी चालला असता. आता ठेव म्हटलं की मुदत आणि व्याजदर आठवतो. 'न्यास' कायद्याच्या कागदात गेला. शिवाय अमानत फक्त पैशाची नसते. एक हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, आहे: माणूस तुम्हाला काही सांगून इकडेतिकडे बघतो, तेव्हा ते बोलणं अमानत होतं. 'कुणाला सांगू नको' असं म्हणण्याचीही गरज नाही, ती नजर पुरे. व्हॉट्सॲपवर ती नजर दिसत नाही. मैत्रिणीने रात्री दोन वाजता लिहिलेला मेसेज मी एकदा स्क्रीनशॉट काढून तिसरीला पाठवला होता, तिच्या काळजीपोटीच. तरी ती गाठ मी सोडली होती. तिची माफी मागितली, तिने केलंही माफ, पण त्यानंतर तिचे तसे मेसेज आले नाहीत.

मराठीत 'गुपित' आहे, पण ते गोष्टीचं नाव. सांभाळणाऱ्यावर जे येतं त्याचं नाव मला सापडलेलं नाही. अम्मी अजूनही कुणाच्या घरची गोष्ट सांगितली की फोन ठेवताना एवढंच म्हणते, "अमानत आहे हां."