गाडी मिसिंग मारते : तुमच्याकडे शेवटी काय निघालं?

साखळीकर (धागा माझाच)

गेल्या चवथीच्या आदल्या दिवशी म्हापशाच्या बाजारातून माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं) सामान भरून निघालो आणि डिचोलीच्या अलीकडे गाडी खोकायला लागली. ॲक्सिलरेटर दाबला की गचके, उभी केली की स्टिअरिंग थरथरतंय, वर डॅशबोर्डावर पिवळा इंजिनाचा दिवा. कशीबशी घरी आणली. हजाराच्या आतलं ओबीडी डोंगल (गाडीतला बिघाडाचा कोड वाचणारं यंत्र) मागवलं, मोबाईलला जोडलं, कोड आला पी०३०२. म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरात मिसिंग, पेट्रोल नीट जळत नाही. चार व्हिडिओ बघितले आणि मनाशी ठरवून टाकलं की इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारी तोटी, चोंदलाय.

चवथ झाल्यावरचा अख्खा रविवार त्यात गेला. रेल (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी) उतरवली, चारही इंजेक्टर साफ केले, परत बसवले. गाडी जशीच्या तशी! मग वैतागून दोन नंबरचा प्लग काढायला गेलो तर प्लग पाना ओला होऊन वर आला. प्लगच्या विहिरीत बोटभर पाणी, प्लगला गंज. काचेखालच्या जाळीत आंब्याची पानं कुजून पाण्याची वाट बुजली होती आणि पावसाचं पाणी नेमकं तिथे ठिबकत होतं. पानं काढली, विहीर पुसून कोरडी केली, नवा प्लग घातला, प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या कॉइलचं रबर आतून स्वच्छ केलं. त्यानंतर एकदाही गचका नाही.

इंजेक्टर बिचारा निर्दोष होता. तुमचेही किस्से सांगा. कोड काय आला, काय काय बदललंत आणि शेवटी काय निघालं, एवढं तरी लिहा. फसलेले आधी येऊ देत.

फोंड्याचा फिटर

तेवीस वर्षं हेच करतोय. पी०३०२ म्हणजे दोन नंबरात घोळ आहे, एवढंच. कशामुळे, ते यंत्र सांगत नाही. दोनची कॉइल तीनवर टाका, तीनची दोनवर. कोड पुसा, एक फेरी मारून या. पी०३०३ आला तर कॉइल गेली. दोनवरच राहिला तर प्लगची अदलाबदल. तरी तिथेच असेल तर मग इंजेक्टर, त्याची वायर आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरातला दाब). एका वेळी एकच वस्तू हलवा, नाहीतर कशाने बरं झालं ते कळत नाही. ह्याला पैसा लागत नाही, अर्धा तास लागतो, पण लोकांना धीर नसतो.

आणि दिवा लुकलुकत असेल तर गाडी पळवू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरातल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, तो तापून वितळतो. त्याची किंमत विचारून बघा एकदा.

चोडणची स्कूटरवाली

माझी बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांची, इंजेक्टरवाली) स्कूटर. रोज फेरीतून रायबंदरला. जुलैत दोन आठवडे घरी उभी होती, ताडपत्री होती पण टाकीचं झाकण नीट बसलं नव्हतं. काढली तर धक्क्यापर्यंत पोचेपर्यंत चार वेळा बंद. फेरीत ढकलून चढवली, पायलट (मोटरसायकल टॅक्सीवाले) लोक हसतायत. एका गॅरेजात म्हणाले इंजेक्टर बदला, आणि जो आकडा सांगितला तो ऐकून मी स्कूटर तशीच परत आणली.

भावाने टाकीतलं पेट्रोल नळीने पारदर्शक बाटलीत काढून रात्रभर ठेवलं. सकाळी तळाला दोन बोटं वेगळाच थर. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं ना, ते पाणी ओढून घेतं. पाणी फार झालं की दोघं मिळून पेट्रोलपासून सुटतात आणि खाली बसतात, आणि पंप खालचंच उचलतो. टाकी रिकामी करून पुसली, ताजं पेट्रोल घातलं. पहिली पाच मिनिटं कुरकुरली, मग ठीक. पावसात टाकी अर्धी ठेवत नाही आता.

बोटीवरचा, वास्को

माझ्याकडे मात्र खरंच इंजेक्टर निघाला, म्हणून जरा सविस्तर.

मी बोटीवर असतो. नऊ महिन्यांचं काँट्रॅक्ट संपवून आलो तोपर्यंत गाडी घराच्या मागे उभी, टाकीत जुनं पेट्रोल. ते काढून ताजं भरलं, चालू झाली, पण तीन सिलिंडरवर. पी०३०४. फिटरनी वर लिहिलंय तीच अदलाबदल केली, कोड चारवरून हलेना. मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाला. एक, दोन, तीन स्वच्छ टिकटिक. चौथा भिंतीपलीकडून कोणी ठोकावं तसा दबका. मल्टीमीटरने चारही मोजले, सगळे बारा ओहमच्या आसपास. म्हणजे इंजेक्टरच्या आतली कॉइल शाबूत, सुई चिकटलीय.

रेलमध्ये तीनेक बारचा दाब असतो, तो न उतरवता हात लावायचा नाही. पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू केलं, ते आपोआप मेलं, वर दोनदा सेल्फ मारला. मग बॅटरीची निगेटिव्ह काढली. तरी रेल सुटताना थोडं पेट्रोल सांडतंच, खाली फडकं धरा.

बाल्कांवात (घरापुढच्या ओट्यावर) बसून काम केलं. इंजेक्टरची जुनी रबरी रिंग काढून टाकली, क्लीनरने ती फुगते. दहा मिलीची सिरिंज कार्ब क्लीनरने भरली, रबरी नळीचा तुकडा घालून इंजेक्टरच्या वरच्या तोंडावर घट्ट बसवली. दोन वायरी, एक नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. दट्ट्यावर दाब ठेवून वायर टेकवायची, सोडायची. सलग करंट दिला तर आतली कॉइल जळते. पहिल्या टिकेला एकच थेंब, तोही वाकडा. पांढऱ्या फडक्यावर चहाच्या गाळासारखा डाग. वीसेक टिकांनंतर थेंबाची धार झाली, धारेचा फवारा. तो बारीक धुक्याचा शंकू दिसला तेव्हा मी खरंच टाळी वाजवली.

एक मूर्खपणा सांगतो. वायर टेकवताना बारीक ठिणगी उडते, आणि माझ्या मांडीवर क्लीनरने भिजलेलं फडकं होतं. आईने दारातून बघितलं आणि जी ओरडली! मग पुश बटण लावून बॅटरी चार हात लांब ठेवली, फडकं लांब टाकलं, शेजारी अग्निशामक सिलिंडर. जहाजावर हेच मी दुसऱ्यांना शिकवतो.

बसवताना नव्या रिंगा, त्यांवर तेलाचा थेंब, नाहीतर रबर कापलं जातं. नंतर लगेच सेल्फ मारू नका. फक्त किल्ली ऑन करून पंपाला दाब भरू द्या आणि टॉर्चने रेल बघा. माझ्या एका रिंगेतून पहिल्यांदा पाझरत होतं.

पर्वरीकर

एवढा उपद्व्याप कशाला? टाकीत घालायची बाटली मिळते, पीईएवाली, म्हणजे मळी धुणाऱ्या रसायनाची. माझं आयडल (उभ्या गाडीचं इंजिन चालणं) एका टाकीत सुधारलं.

फोंड्याचा फिटर

मळी असेल तर सुधारतं. चिकटलेली सुई बाटलीने सुटल्याचं मी फार कमी वेळा पाहिलंय. चोर्ला घाट चढताना गचका आणि सपाटीला काही नाही, असं असेल तर बाटली घेऊ नका, कॉइल आणि प्लगचा गॅप बघा. लोड आला की कमजोर ठिणगी आधी मान टाकते.

काणकोणचा

पी०२०३. इंजेक्टर सर्किट. मी नवा इंजेक्टर ऑर्डर करून मोकळा. वायर सोलून बघितली तर उंदराने कुरतडलेली, एअर फिल्टरच्या डब्यात नारळाच्या काथ्याचं घरटं आणि आत तीन पिल्लं. इंजेक्टर अजून कपाटात आहे, कोणाला हवा?

पिकअपवाला, उसगाव

डिझेलचे इंजेक्टरही असेच घरी करता येतात का?

फोंड्याचा फिटर

नाही! कॉमन रेलमध्ये (डिझेल इंजेक्टरांच्या सामायिक नळीत) हजार-दीड हजार बार, त्याच्याही वर जातो. चालू इंजिनाचा नट सैल करून बघायची जुनी सवय असेल तर सोडा. सुईसारखी धार कातडीतून आत शिरते, वरून दिसतं नुसतं टोचल्यासारखं, आणि हात कापायची पाळी येते. ते इंजेक्टर तपासणाऱ्या बेंचवाल्याकडेच. डायरेक्ट इंजेक्शनच्या (थेट सिलिंडरात फवारणाऱ्या) पेट्रोल गाड्यांनाही घरी हात नको.

पेडणेकर

माझी सकाळी थंड असताना मिनिटभर थरथरते, पांढरा धूर, मग दिवसभर लोण्यासारखी. कोड कधी पी०३०१, कधी काहीच नाही. प्लग, कॉइल बदलून झालं. ह्या रविवारी इंजेक्टर काढायचा विचार आहे. वास्कोवाले, नळी किती मापाची घेतलीत?

फोंड्याचा फिटर

थांबा. पांढरा धूर म्हणजे कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) सिलिंडरात झिरपत असू शकतं. उद्या सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, कूलंटची बाटली बघा. कितीला आहे?

पेडणेकर

आत्ताच बघून आलो. मिनिममच्या खाली. गेल्या महिन्यातच भरलं होतं.