स्वादुपिंडाचा कॅन्सर: सीए १९-९, एसमॅड४ वगैरेवरून पुढचं खरंच कळतं का?

सांगलीचा_भाचा
मामांना पॅन्क्रियाजच्या हेडला गाठ निघालीय, बायोप्सीत अडिनोकार्सिनोमा, म्हणजे कॅन्सरच. कावीळ होती तेव्हा सीए १९-९ (कॅन्सरसाठी रक्तात बघतात तो मार्कर) आलं ८६०, घरात सगळ्यांचं धाबं दणाणलं, मग ईआरसीपी करून (तोंडातून दुर्बीण घालून) पित्तनळीत स्टेंट टाकला, बिलिरुबिन नॉर्मलला आल्यावर परत केलं तर २१०. औषध तर अजून एकही सुरू नाही, मग कमी कसं झालं? त्यात एकाने सांगितलं एसमॅड४, एचईएनटी१ अशा प्रोटीनच्या टेस्ट करून घ्या, किती चान्स आहे, कुठली केमो लागू पडेल सगळं कळतं. पैसे घालायची तयारी आहे पण उपयोग काय?

स्लाइडवाली
कॅन्सर तेवढाच आहे दादा, तुंबलेलं पित्त मोकळं झालं. पित्त अडलं की सीए १९-९ रक्तात वाढतं, नुसत्या खड्यानेसुद्धा. त्यामुळे ८६० विसरा, २१० धरून चाला. नॉर्मल ३७ च्या आत. कावीळ नसताना ५०० च्या वर असेल तर स्कॅनवर गाठ निघण्यासारखी दिसली तरी बरेच सर्जन आधी केमो देतात, आणि केमोवर आकडा किती उतरतो ते बघतात.
एसमॅड४ (पेशींची वाढ आवरणारं प्रोटीन) चा स्टेन, म्हणजे काचेवरच्या टिश्यूत ते प्रोटीन रंगवून बघणं, मी रोज बघते. आजूबाजूच्या चांगल्या पेशींची केंद्रकं तपकिरी आणि गाठीच्या पेशी कोऱ्या दिसल्या की ते प्रोटीन गेलंय असं समजायचं, साधारण निम्म्या केसेसमध्ये जातं. जॉन्स हॉपकिन्सवाल्यांनी २००९ मध्ये शवविच्छेदनांवरून दाखवलं होतं की ते गेलेल्यांत कॅन्सर जास्त ठिकाणी पसरलेला असतो. पण त्यावरून आज कुणी ट्रीटमेंट बदलत नाही.

माई_६४
आमच्या ह्यांचं सीए १९-९ कायम २ च्या खाली आणि लिव्हरमधले डाग वाढतायत, आम्ही आपले रिपोर्ट बघून खूश! नंतर कळलं काही लोकांचं शरीर हे बनवतच नाही, लुईस निगेटिव्ह म्हणतात. मामांचं वाढलेलं आहे म्हणजे त्यांना तरी हा आकडा उपयोगी पडेल.

केमोडेकेअर
एचईएनटी१ म्हणजे जेमसिटाबिन हे केमोचं औषध पेशीत शिरायचं दार. एस्पॅक-३ या ट्रायलमध्ये ऑपरेशननंतर जेमसिटाबिन घेतलेल्यांत हे प्रोटीन भरपूर असणाऱ्यांचं मध्यक (मीडियन) आयुष्य २६ महिने आणि कमी असणाऱ्यांचं १७. मोठा फरक, पण पसरलेल्या कॅन्सरच्या लीप ट्रायलमध्ये काहीच निघालं नाही, प्रोटीन रंगवायला वापरलेली अँटीबॉडीही वेगळी होती. आणि २०१८ नंतर तब्येत बरी असेल तर ऑपरेशननंतर मॉडिफाइड फॉलफिरिनॉक्सच (जेमसिटाबिन नसलेली, अनेक औषधांची एकत्र केमो) देतात, मग जेमसिटाबिनचं दार तपासून करायचं काय?
पैसे घालायचेच तर रक्तातून बीआरसीए (घराण्यात चालत येणारा जीनमधला दोष) करा आणि गाठीवर एमएमआरची, म्हणजे डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी, चार प्रोटीनं बघा. एमएमआरचा दोष शंभरात एखाद्यालाच सापडतो, पण सापडला तर इम्युनोथेरपीचा रस्ता उघडतो. बीआरसीए निघालं तर प्लॅटिनमवाली केमो आणि पुढे ओलापॅरिबच्या गोळ्या, शिवाय तुमच्या आईनेही तपासून घ्यायला हवं.

सांगलीचा_भाचा
आईचं डोक्यातच आलं नव्हतं. बायोप्सी सुईने केलीय, ब्लॉकमध्ये (मेणात जपलेल्या बायोप्सीच्या तुकड्यात) एमएमआरपुरता टिश्यू उरला असेल का?

स्लाइडवाली
बऱ्याचदा उरतो. लॅबला आधीच सांगा, एसमॅड४ मध्ये संपवू नका म्हणावं.